लोणारचं वय ठरेना, मंगळाचं मात्र दशांशात!



करवीरनगरीत शिक्षकांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान मला दिलात. अध्यक्षानं विषयाचा, म्हणजे इथं मंगळावरच्या विवरांचा, आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो मी लवकर उरकतो, कारण आज मला थोडं भांडायचं आहे.

जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या यानानं मंगळाजवळून जाताना बावीस छायाचित्रं घेतली आणि तिथल्या कालव्यांच्या कहाण्या निकालात निघाल्या. मंगळ विवरांनी भरलेला निघाला. पुढे कक्षेत फिरणारी यानं आली. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी तिथं पोहोचलं. अमेरिकेच्या एका कक्षायानाचा कॅमेरा तर मंगळावरचा टेबलाएवढा धोंडाही टिपतो. २०१२ साली एक किलोमीटर आणि त्याहून मोठ्या विवरांची यादी प्रसिद्ध झाली, तिच्यात ३,८४,३४३ नोंदी होत्या. अलीकडे मंगळावरच्या तीन विवरांना लाल, मुरसान आणि हिल्सा ही भारतीय नावं मिळाली. कोल्हापूरनं मात्र आशा धरू नये. तिथल्या लहान विवरांना लाखाच्या आतल्या वस्तीच्या गावांचीच नावं देतात. पन्हाळ्याला वाव आहे. झाला आढावा.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे विद्यार्थी मंगळाच्या चित्रातल्या विवरांवर गोल काढतात, ते मोजतात, आलेख काढतात आणि खाली लिहितात की हा पृष्ठभाग अमुक इतक्या अब्ज वर्षांचा आहे. पुढे दशांशचिन्ह, त्यापुढे दोन आकडे. मी विचारतो, हे दोन आकडे आले कुठून? संगणकानं दिले म्हणतात. संगणकाला कुणी दिले?

मोजणीमागचा विचार साधा आहे. जमीन जितकी जुनी, तितका तिनं अशनींचा जास्त मार खाल्लेला. पण किती विवरं म्हणजे किती वर्षं, हा हिशेब बसवला चंद्रावर, अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडांची वयं प्रयोगशाळेत काढून. तोच हिशेब अंदाजाचा गुणाकार करून मंगळाला लावलेला आहे. मंगळावरून मुद्दाम नमुना आणून त्याचं वय अजून कुणी काढलेलं नाही. त्यात मंगळावरच्या झुनिलसारखी विवरं घोळ घालतात. झुनिलचा व्यास सुमारे दहा किलोमीटर. त्या एका आघातानं उडालेल्या दगडांनी कोटीच्या घरात बारकी विवरं पाडली. एक पाहुणा आला आणि हजेरीपटावर कोटभर सह्या झाल्या! बारकी विवरं मोजून वय सांगणाऱ्यांनी या सह्या कशा वगळल्या, हे आधी सांगावं.

लांब कशाला, आपल्या लोणारच्या विवराकडे चला. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि तेही आपल्या पायाखालच्याच काळ्या दगडात, बेसाल्टमध्ये. मंगळाचा बराचसा भागही बेसाल्टचाच, म्हणून जगभरचे अभ्यासक तिथं येतात. भोवती सगळा लाव्हाचा दगड असल्यामुळे हे ज्वालामुखीचंच तोंड, असं कित्येक वर्षं मानलं जाई. १९७३ मध्ये तिथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. फेल्डस्पार हे खनिज प्रचंड धक्क्यानं न वितळता काचेसारखं झालं की मॅस्केलिनाइट बनतं. अशनीच्या आघाताची बाजू तिथं पक्की झाली. निकाल दिला तो चित्रानं नव्हे, दगडाच्या पातळ कापानं. आणि वय? तापदीप्तीच्या पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं, आर्गनच्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. जवळपास अकरा पटींचा फरक! तोही अशा विवराचा, जिथं बुलढाणा जिल्ह्यातली एसटी थेट काठापर्यंत नेते.

मी विद्यार्थ्यांना लोणारला नेलं की आधी तळ्याकडे बघू देत नाही. नाहीतर दैत्यसूदनाच्या मंदिरापासून सेल्फी सुरू होतात. काठाच्या बाहेर, रस्त्यासाठी मुरूम काढलेल्या कापासमोर उभं करतो. खाली लाव्हाचे शिस्तीत बसलेले थर, आणि वर सगळी उलथापालथ. ताजा, कडक धोंडा मातीत रुतलेला, त्याला चिकटून सडका, पिवळट दगड, मध्येच मुठीएवढे तुकडे. मग काठावर जाऊन थराला कंपास लावायला सांगतो. थर विवराच्या बाहेरच्या बाजूला कललेला मिळतो. एका मुलीनं विचारलं, "सर, हे चित्रात का नाही दिसलं?" कारण चित्रात तिथं शेतं आहेत, बाभळी आहेत, पावसानं धुतलेली काळी माती आहे. मंगळावर बाभळी नसतील, पण धूळ आहे, वारा आहे.

गेली काही वर्षं आपल्यात वाद चालू आहे की विवरं माणसानं मोजावीत की यंत्रानं. दोन्ही पक्षांचे निबंध मी वाचले. माझ्यापुरता तो शिरोळ तालुक्यातल्या एका शेतात मिटला. एका हुशार मुलाच्या प्रोग्रॅमनं उपग्रहचित्रात नदीकाठी ओळीनं सुबक विवरं शोधली होती. काठ उचललेला, आत सावली, सगळं शास्त्रोक्त. आम्ही बघायला गेलो. उसातून वाट काढत शेवटच्या विवराशी पोहोचलो तर मालक म्हणाला, "आज्ज्यानं खणलेली विहीर हाय ती. माती काठावर टाकल्याली." बाकीच्याही विहिरीच निघाल्या. यंत्र वाईट म्हणून हे सांगत नाही. त्या मुलानं डोळ्यांनी मोजणी केली असती तरी तीच विवरं मोजली असती. ऊन कुठून पडलंय हे न बघता चित्र उलटं टांगलं की निम्मा वर्ग खड्ड्यांना टेकड्या म्हणतो, हे मी दरवर्षी बघतो. मोजणारा कोण, हा प्रश्नच नाही. मोजणाऱ्यानं आयुष्यात एक तरी विवर पायांखाली घातलंय का, हा आहे.

आणि नेमकी तीच पायपीट आपण बंद केली. सहलीला परवानगी मिळत नाही, विमा नाही, गाडीचं भाडं कोण देणार? एका महाविद्यालयात मला ऐकवलं गेलं की लोणारची चित्रं फुकट मिळतात, मग मुलं कशाला न्यायची. मी हातोडी पिशवीत टाकली आणि चहा न घेता निघालो.

काही कामं सुचवतो. लोणारचा शिक्षकांसाठी एक नमुना-नकाशा व्हावा, चित्रात काय दिसतं आणि जागेवर काय आहे हे शेजारी शेजारी दाखवणारा. विहिरी, खाणी, शेततळी अशा फसव्या गोलांचा एक संग्रह व्हावा. पैसे कुठून, समितीवर कोण, ते जेवणानंतर बसून ठरवू.

दुपारच्या सत्रात मंगळाच्या पृष्ठभागाच्या वयावर दोन निबंध आहेत. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. वाचणाऱ्यांनी प्रत्येक वयापुढचा कमी-अधिकचा आकडा तयार ठेवावा.