एका चेहऱ्यावर दोन औषधे



चिटणीसांनी विषय कळविला तेव्हा वाटले, तोंडाला लावावयाच्या मलमांवरचे व्याख्यान ऐकावयास कोण येणार? पण पुढच्या रांगेत आजीबाईंपासून कॉलेजच्या मुलींपर्यंत साऱ्याजणी दिसत आहेत, तेव्हा प्रस्तावना आवरती घेतो.

आपल्या घरी चेहऱ्याला लावावयाचे ते डाळीचे पीठ, साय आणि चिमूटभर हळद. त्यांचे आपसांत भांडण होण्याचा प्रसंग सहसा येत नसे. आज न्हाणीघरातल्या फळीवर चार-पाच बाटल्या असतात, आणि प्रत्येकीत काहीतरी तीव्र द्रव्य असते. प्रत्येक आपापल्या परीने गुणी. पण दोन गुणी माणसे एका घरात सुखाने नांदतीलच असे नाही.

मुरुमांवर देतात ते बेन्झॉइल पेरॉक्साइड घ्या. ते प्राणवायू सोडते, त्याने मुरुमांतले जंतू मरतात. ते लावून तोंड पुसले की टॉवेलाचा रंग उडतो, हे ज्यांनी वापरले आहे त्यांना ठाऊक असेल. दुसरे औषध ट्रेटिनॉइन. हे ‘अ’ जीवनसत्त्वाचे आम्लरूप. टॉवेलाच्या रंगाची जी गत, तीच याची! 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ही दोन एकत्र करून उजेडात ठेवली, तेव्हा सुमारे दोन तासांत निम्म्याहून अधिक ट्रेटिनॉइन नष्ट झाले आणि चोवीस तासांत जवळजवळ सगळेच. म्हणजे पैसे दोन औषधांचे आणि गुण एकाचा. म्हणून पेरॉक्साइड सकाळी व ट्रेटिनॉइन रात्री, असे आम्ही सांगतो. ट्रेटिनॉइनचेच भावंड असलेले अ‍ॅडापॅलीन मात्र पेरॉक्साइडबरोबर टिकते. त्या दोहोंचे तयार मलम मिळते. 2021 साली अमेरिकेत ट्रेटिनॉइन आणि पेरॉक्साइड यांचेही एकत्र मलम मंजूर झाले, पण तेथे दोघांना सिलिकेच्या सूक्ष्म कोशांत वेगवेगळे कोंडून ठेवावे लागले. घरी तळहातावर कालवून ते साधणार नाही.

दुसरा प्रकार याहून त्रासाचा. येथे दोन्ही औषधे शाबूत राहतात आणि भोगते ती कातडी. ट्रेटिनॉइन, ग्लायकोलिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल ही सारी वरच्या थराची सालपटे काढणारी. तो थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी या विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्ये हा चुना. एका रात्री दोघातिघांनी मिळून ती भिंत खरवडली की आग होते, लाली येते, पापुद्रे सुटतात. गोऱ्या साहेबाचे तेवढ्यावर भागते. आपल्या सावळ्या कातडीत मात्र दाह शमल्यावर मागे काळा डाग राहतो, आणि तो कित्येक महिने जात नाही. डाग घालविण्यासाठी आणलेल्या बाटल्यांनी डाग वाढले, हे मी नेहमी पाहतो.

काही वैरे मात्र उगीच सांगितली जातात. ‘क’ जीवनसत्त्व आणि नायासिनमाइड यांचा छत्तिसाचा आकडा आहे असे पुष्कळजणी मानतात. नेहमीच्या वापरात त्यात भिण्यासारखे काही नाही. हायड्रोक्विनोनवर पेरॉक्साइड लावल्यास चेहरा तपकिरी दिसू लागतो खरा, पण तो रंग तात्पुरता असतो. दोहोंपैकी एक थांबवून साबणाने धुतले की निघतो. घाबरून दवाखान्यात धावत येणारे मी पाहिले आहेत!

आता ज्यासाठी मी आज आलो ते सांगतो. 1975 साली अमेरिकेत क्लिग्मन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड यांचे मिश्रण वांगासाठी सुचविले. ट्रेटिनॉइनने होणारी आग स्टेरॉइड शमविते, म्हणून या तिघांचे जमते. डॉक्टरच्या देखरेखीखाली काही आठवडे लावण्याचे हे औषध. आपल्याकडे तशाच जातीची मलमे गोरे होण्यासाठी म्हणून घरोघर गेली. मैत्रिणीने सांगितले, दुकानदाराने दिले. महिनाभर चेहरा उजळतो आणि सगळे खूष. मग कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते, मुरुमे उठतात. मलम थांबवावे तर आगडोंब. म्हणून पुन्हा तेच लावायचे. लग्न ठरलेल्या एका मुलीने हे दोन वर्षे सोसले, आणि मांडवात उभी राहताना तिचा चेहरा लालभडक होता. तिचा रंग मुळात चांगला गव्हाळ होता हो!

2018 साली केंद्र सरकारने लावावयाची चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ती दुकानांतून हाती पडतातच. कोणी असे मलम दीर्घकाळ लावीत असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नये. त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, तो ते हळूहळू सोडवितो. आणि दिवस गेले असतील, किंवा तसा विचार असेल, तर ट्रेटिनॉइन लावू नये. हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका.

येताना घरातल्या साऱ्या ट्यूब पिशवीत घालून आणा, संपलेल्यासुद्धा. ‘ती गुलाबी टोपणाची’ म्हणून सांगितलेत तर मला ओळखता येत नाही. मागे बारीक अक्षरांत जे छापलेले असते, ते वाचावे लागते.