तबकडीवरचे नाव



गाण्याच्या तबकडीच्या मधोमध एक गोल कागद चिकटवलेला असतो. त्यावर कंपनीचे चिन्ह, चिजेचे नाव आणि कलावंताचे नाव. आपण तो वाचतो आणि बिनदिक्कत म्हणतो, ही अमक्याची तबकडी. ड्यूक एलिंग्टन या अमेरिकन वाद्यवृंदनायकाच्या सुरवातीच्या तबकड्या हाती घेतल्या, की हा बिनदिक्कतपणा टिकत नाही. एक तर नावच एक नाही. एका कंपनीसाठी तोच संच ‘वॉशिंग्टोनियन्स’ आहे, दुसरीसाठी ‘जंगल बँड’, तिसरीसाठी ‘हार्लेम फूटवॉर्मर्स’. एकाच वेळी अनेक दुकानांत माल ठेवायचा म्हणून घेतलेली ही सोंगे. ती ओळखणे सोपे आहे. अवघड प्रश्न वेगळाच आहे: आत जे वाजते ते कोणाचे?

एलिंग्टनचा जन्म २९ एप्रिल १८९९ चा, वॉशिंग्टन शहरातल्या एका कृष्णवर्णी कुटुंबातला. ‘ड्यूक’ ही पदवी कोणा राजाने दिलेली नव्हे; पोशाखातली आणि वागण्यातली ऐट पाहून सोबत्यांनी ठेवलेले ते नाव. नोव्हेंबर १९२४ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्या छोट्या संचाच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. मायक्रोफोन अजून यायचा होता. भोंग्यासमोर दाटीवाटीने उभे राहून वाजवायचे. त्या तबकड्या आज ऐकल्या तर नाचासाठी वाजवलेले नीटनेटके संगीत, यापलीकडे फारसे काही सांगता येत नाही. मात्र मधूनच एक ट्रम्पेट गुरगुरते, आणि आपण कान टवकारतो.

ते ट्रम्पेट बबर मायली या एकवीस वर्षांच्या पोराचे. त्याची युक्ती सांगतो. मोरी तुंबली म्हणजे प्लंबर काठीला लावलेली रबरी वाटी दाबतो ना, तीच वाटी काठी काढून हा ट्रम्पेटच्या तोंडाशी धरी, आत आणखी एक लहानसे बूच बसवी, आणि फुंकताना घशातून गुरगुरे. वाटी उघडझाप करताना पितळी वाद्यातून माणूस बोलल्यासारखे, विव्हळल्यासारखे, कधी कुत्सितपणे हसल्यासारखे स्वर निघत. हे काही त्याने शून्यातून काढले नव्हते. शिकागोला किंग ऑलिव्हरचे वादन ऐकून तो भारला होता. पण ऑलिव्हरचे बीज याच्या हाती निराळेच रोप झाले. मायली आला आणि आपल्या संचाचा स्वभावच पालटला, हे एलिंग्टनने स्वतः पुढे मोकळेपणी मान्य केले आहे.

आता पहिली तबकडी ऐकू. नोव्हेंबर १९२६, ‘ईस्ट सेंट लुई टूडल-ऊ’. खाली सॅक्सोफोन आणि ट्यूबा यांचे जड, संथ पाऊल, आणि वर मायलीचे ट्रम्पेट. सांगतात, की आगगाडीतून जाताना दिसलेल्या एका धुलाई दुकानाच्या पाटीवरचे नाव मायली मोठ्याने घोळवू लागला आणि त्यातून ही चाल सुचली. चाल मायलीची, पण तिच्याखालचे ते पाऊल एलिंग्टनचे. ते काढून टाका, चाल उघडी पडेल.

(येथे तबकडी ऐकवण्यात आली.)

दुसरी चीज ‘ब्लॅक अँड टॅन फँटसी’. १९२७ या एका वर्षात ती तीन कंपन्यांसाठी तीनदा मुद्रित झाली: एप्रिलमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. तिसऱ्या खेपेस मायली हजर नव्हता. त्याच्या जागी जॅबो स्मिथ नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बसवला. प्रयोगशाळेतही इतकी चोख परीक्षा साधायची नाही! चीज तीच, नायक तोच, बसणारे बहुतेक तेच. बदलला फक्त एक माणूस. जॅबो कच्चा वादक मुळीच नव्हता. त्याची फेक तेजस्वी आहे, स्वर स्वच्छ आहेत, हात चपळ आहे. पण ऑक्टोबरच्या तबकडीत मायली जिथे एकच स्वर धरून बसतो आणि मग बोलू लागतो, तिथे आपल्या अंगावर काटा येतो. नोव्हेंबरमध्ये आपण फक्त वाहवा म्हणतो. मला विचाराल तर फरक कसबाचा नाही. ती चीज मायलीच्या घशासाठी बेतलेली होती.

या चिजेच्या शेवटी शोपँचे शवयात्रेचे सूर येतात. ‘ब्लॅक अँड टॅन’ म्हणजे जिथे काळेगोरे एकत्र बसत असे क्लब. पण ४ डिसेंबर १९२७ पासून एलिंग्टन ज्या कॉटन क्लबात वाजवू लागला, तिथे वाजवणारे आणि नाचणारे काळे, तर गिऱ्हाईक गोरे, असा दंडक होता. त्या गिऱ्हाइकांना मायलीची गुरगुर ‘जंगलाचे संगीत’ म्हणून विकली जाई. शोपँची शवयात्रा कोणत्या जंगलात निघते, हे कोणी विचारले नसावे.

आता त्या गोल कागदाकडे पुन्हा वळू. वरच्या दोन्ही चिजांवर रचनाकार म्हणून एलिंग्टनसोबत मायलीचे नाव आहे. ते न्यायाचे झाले. ‘क्रिओल लव्ह कॉल’ ची गोष्ट मात्र गुंतागुंतीची. तिची चाल रूडी जॅक्सन या वादकाने आपली म्हणून आणली. ती निघाली किंग ऑलिव्हरच्या १९२३ च्या एका चिजेतली. ऑलिव्हर कोर्टात गेला, पण हाती काही लागले नाही. आणि ‘मूड इंडिगो’! १९३० ची ही रचना जगभर गाजली. तिच्यावर एलिंग्टनबरोबर नाव आले ते त्याचा व्यवस्थापक अर्व्हिंग मिल्स याचे. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बार्नी बिगार्डला आपले नाव लागावे म्हणून पुढे झगडावे लागले. आणि बिगार्ड तरी सांगे, की मुळातली एक चाल आपल्या न्यू ऑर्लिन्सच्या गुरूची, लोरेन्झो टीओची. मिल्सने संचाला तबकड्या, रेडिओ, कॉटन क्लब सारे मिळवून दिले हे खरे. पण धंद्याची हुशारी म्हणजे सूर नव्हे. त्या नावाचे समर्थन मला करता येत नाही.

मग एलिंग्टनचे काय उरले? ‘मूड इंडिगो’ चे पहिले सूर ऐका. न्यू ऑर्लिन्सच्या रिवाजाप्रमाणे क्लॅरिनेट सर्वांत वर, मध्ये ट्रम्पेट, खाली ट्रॉम्बोन. एलिंग्टनने हा क्रम उलटा केला. तोंड दाबलेले ट्रम्पेट वर, त्याला खेटून तसेच दाबलेले ट्रॉम्बोन, आणि क्लॅरिनेट पार तळाशी. मायक्रोफोनसमोर हे तीन आवाज एकत्र आले, की चौथाच कुणी वाजवतो आहे असा भास होतो. हा चौथा आवाज ना बिगार्डचा, ना टीओचा. तो एलिंग्टनचा.

(येथे दुसरी तबकडी ऐकवण्यात आली.)

मायली १९२९ च्या आरंभी संच सोडून गेला. दारू होती, वेळीअवेळी गैरहजर राहणे होते. त्याच्या जागी कूटी विल्यम्स आला. गंमत अशी, की गुरगुरायचे आहे असे एलिंग्टनने त्याला सांगितलेच नाही. शेजारी बसलेला ट्रॉम्बोनवाला नँटन तशाच वाटीने वाजवी. त्याचे कूटीला आधी हसू आले, मग त्याच्या ध्यानात आले, की या खुर्चीवर हेच अपेक्षित आहे. तो आपला आपण शिकला. १९६३ साली एलिंग्टन भारतात आला, मुंबईतही त्याने वाजवले, तेव्हा संचात कूटी होता, आणि १९२७ पासून न हललेला हॅरी कार्नीही.

शेवटची तबकडी ९ फेब्रुवारी १९३२ ची. ‘ईस्ट सेंट लुई’ आणि ‘ब्लॅक अँड टॅन’ या दोन्ही चिजा तीत एकापाठोपाठ आहेत. मध्ये पियानोचा एक तुकडा. त्या दिवशी दोन मायक्रोफोनांवरून दोन यंत्रांनी एकाच वेळी मुद्रण केले. पन्नासएक वर्षांनी संग्राहकांनी त्या दोन्ही प्रती जुळवून एकत्र वाजवल्या, तेव्हा कोण कुठे बसला आहे हेही ऐकू येऊ लागले. मायलीच्या जागेवरून कूटी वाजवतो आहे. मायली त्या वेळी क्षयाने आजारी होता. २० मे रोजी, एकोणतिसाव्या वर्षी, तो गेला. ट्रम्पेट सुरू होईल तेव्हा जरा शांत बसा.

(येथे तिसरी तबकडी ऐकवण्यात आली.)