ग्रंथालयांची नवी सुगी



ग्रंथालय म्हटले की पुस्तकांची कपाटे आणि नोंदवही घेऊन बसलेले ग्रंथपाल डोळ्यांसमोर येतात. परंतु आज शासकीय अहवाल, संस्थांची पत्रके, निवडणुकीतील आश्वासने असे बरेचसे लेखन कागदावर उतरतच नाही. ते संकेतस्थळावर प्रसिद्ध होते आणि एके दिवशी तेथून नाहीसे होते. छापील पुस्तकाची एखादी तरी प्रत कोणाच्या माळ्यावर सापडते. संकेतस्थळ बंद पडले की मागे बहुधा काहीच उरत नाही.

हा धोका फार लवकर ओळखला तो कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले १९९५ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, या ग्रंथालयाने 'पँडोरा' हा संग्रह सुरू केला. पद्धत अशी की, एक संगणक-प्रणाली निवडलेल्या संकेतस्थळावर पाठवावयाची. ती पान उतरवून घेते, त्यातील दुव्यांवरून पुढच्या पानांवर जाते आणि प्रत्येक प्रत तारखेनिशी जतन करते. यास 'वेब हार्वेस्टिंग' म्हणतात. हार्वेस्टिंग म्हणजे कापणी, आणि कापणी पीक उभे आहे तोवरच होते! सिडनीतील २००० सालच्या ऑलिम्पिकचे अधिकृत संकेतस्थळ पुढे बंद झाले. पँडोरातील त्याची प्रत मात्र राहिली. प्रारंभी प्रत्येक मालकाची परवानगी मागावी लागे, त्यात पुष्कळ काळ जाई. २०१६ साली कायद्यात सुधारणा होऊन ऑनलाइन प्रकाशनांची प्रत घेण्याचा अधिकार ग्रंथालयास मिळाला.

कापलेले धान्य कोठारात कुलूपबंद ठेवून कोणाचे पोट भरत नाही. म्हणून २००९ साली याच ग्रंथालयाने 'ट्रोव्ह' ही शोधसेवा उघडली. देशभरातील ग्रंथालये, संग्रहालये व विद्यापीठे यांच्या सूचींतील नोंदी त्यात यंत्राद्वारे गोळा होतात. १८०३ साली निघालेल्या 'सिडनी गॅझेट'पासूनची जुनी वृत्तपत्रेही तेथे आहेत. जीर्ण छपाई वाचताना यंत्र चुका करते. त्या वाचकांनीच विनामोबदला दुरुस्त केल्या. अशा कोट्यवधी ओळी शुद्ध झाल्या आहेत. ग्रंथालयाने वाचकावर टाकलेला हा विश्वास विशेष उल्लेखनीय होय.

यापुढील पाऊल 'खुल्या एपीआय'चे. नाव अवघड, गोष्ट व्यापाऱ्यास सहज उमजेल अशी आहे. दुकानाच्या गल्ल्यावर एक गिऱ्हाईक एक साडी पाहते. घाऊक खरेदीदार मात्र मागील दाराने येतो, ठरलेल्या पद्धतीने मागणी नोंदवतो आणि गठ्ठेच्या गठ्ठे नेतो. एपीआय हे ग्रंथालयाचे असेच मागील दार. तेथे माणसाऐवजी संगणक मागणी करतो आणि हजारो नोंदी एकदम घेऊन जातो. टिम शेरॅट या इतिहास-अभ्यासकाने ट्रोव्हच्या आधारे 'क्वेरीपिक' नावाचे साधन तयार केले. वृत्तपत्रांत एखादा शब्द कोणत्या वर्षी किती लेखांत आला, याचा आलेख ते काढून देते. 'महायुद्ध' म्हणून ओळखले जाणारे युद्ध लोकांच्या बोलण्यात 'पहिले महायुद्ध' केव्हा झाले, हे त्यावरून पाहता येते. दहा माणसे जन्मभर पाने चाळत बसली असती तरी हे उत्तर मिळणे कठीण होते.

माल फुकट वाटला तरी गोदामाचे भाडे चुकत नाही. २०२३ च्या प्रारंभी ट्रोव्हच्या निधीची मुदत संपत आली होती. त्या वर्षीच्या जूननंतर सेवा चालेल किंवा नाही, अशी शंका निर्माण झाली. संशोधक, लेखक आणि घराण्याचा इतिहास शोधणारी सामान्य माणसे यांनी आवाज उठविला. अखेर एप्रिलमध्ये तेथील सरकारने चार वर्षांसाठी ३.३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर केले आणि त्यानंतरही दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचे मान्य केले.