हजार फुटांवरचं दीड मिनिट



ग्वाल्हेरकरांना विमानाचं अप्रूप नाही. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरचं लढाऊ मिराज डोक्यावरून गेलं की आपण तोंडातलं वाक्य धरून ठेवतो, आवाज ओसरला की पुढे बोलतो. आज बोलायचंय ते मात्र दोन-चार आसनांच्या विमानाबद्दल. पुढे एक पंखा, आत शिकणारं पोर.

२५ जुलै २०२२ ला बारामतीची एक विद्यार्थिनी सेसना १५२ घेऊन एकटी उडाली आणि इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळली. थोडक्यात निभावलं. ६ मार्च २०२४ ला गुन्यात, म्हणजे आपल्याच जुन्या संस्थानात, नीमचहून निघालेलं सेसना १७२ अडचणीत उतरताना आदळलं. आत शिकाऊ मुलगीच, तीही वाचली. चारच दिवसांनी आपल्या विमानतळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, मग गुन्याची आठवण कोण काढतो!

‘कोसळलं’ म्हटलं की डोळ्यांपुढे दगड येतो. पण इंजिन बंद पडलेलं सेसना १५२ दगडासारखं पडत नाही, घसरगुंडीवरून यावं तसं येतं. हजार फुटांवरून, ताशी ११० किलोमीटरचा वेग राखला, तर पावणेतीन किलोमीटर जातं. हाताशी दीड मिनिट. तेवढ्यात वारा बघायचा, शेत निवडायचं, इंजिन पुन्हा लागतंय का पाहायचं. पावसाळी दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, ऐन जुलैत! त्यासाठी गरम हवेचा दांडा ओढायचा. (कडबनवाडीत तसं झालं, असं मी म्हणत नाही.)

खरा घात होतो तो मागे वळण्यात. नुकतंच उड्डाण झालंय, इंजिन गेलं, आणि धावपट्टी पाठीशीच आहे. पण विमान ४५ अंशांत कलंडवून उंची धरू पाहिली, तर तरंगत राहायला लागणारा किमान वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. जमीन वर येताना दिसते, हात आपसूक सुकाणू मागे ओढतो, नाक उचललं जातं, आणि पंखांची उचल संपते. मग मात्र दगडच.

शिक्षक ओरडून सांगतात, समोर उतर. ते पोराच्या कानात शिरतं, पण मनात दुसरंच असतं. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, त्यांचे पैसे घरच्यांनी कसे उभे केले ते त्याला ठाऊक असतं. विमान मोडलं तर? माझं म्हणणं एवढंच, की हे भय आधी घरातून आणि शाळेतून काढा. मोडू दे विमान. चाकं तुटू देत, पंख जाऊ देत. नाक खाली, वेग कायम, विजेच्या तारा चुकव, आणि टेकण्याआधी दाराची कडी काढून ठेव. चौकट वाकली तर दार अडकायला नको.