करार कोणाच्या नावाचा?



नागरी सेवा आणि लोकसहभाग यांवरच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. परिषद पुण्यात भरते आहे, हे अगदी उचित झाले. सार्वजनिक सभा 1870 मध्ये याच शहरात स्थापन झाली. महात्मा फुले इथल्याच नगरपालिकेचे सभासद होते. लोकांनी कारभाराला जाब विचारावा आणि वेळ येताच जबाबदारीही अंगावर घ्यावी, ही शिकवण इथल्या मातीत मुरलेली आहे.

आज मी एकच मुद्दा मांडणार आहे. प्रशासन आणि लोक एकत्र आले की सेवा सुधारते, असे आपण सहज म्हणून जातो. माझ्या मते ती सुधारते, पण एका अटीवर. जो प्रत्यक्ष राबतो, त्याचा हक्क करारात लिहिलेला असला पाहिजे. पुण्याच्या कचऱ्याची हकिगत याची साक्ष देते.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचरावेचक बायांपर्यंत पोहोचल्या. पुढे 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. तोवर या बायांना कुणीही हटकावे, चोर म्हणावे, अशी स्थिती होती. संघटनेच्या ओळखपत्राला महापालिकेने मान्यता दिली आणि कचरा वेचणे हे काम आहे, हे प्रथम कागदावर आले.

खरी कसोटी त्यानंतर लागली. 2000 च्या घनकचरा नियमांनी दारोदार कचरा गोळा करण्याचे बंधन पालिकांवर घातले. नियम चांगलाच होता. पण कचरा दारातून थेट ठेकेदाराच्या गाडीत गेला, तर कचरापेटीवर पोट भरणाऱ्या बाईने जायचे कुठे? पंचायतीचे उत्तर सरळ होते: दारावर आम्हीच येतो. त्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला.

या कराराची मांडणी नीट पाहण्याजोगी आहे. महापालिकेने साधने आणि देखरेखीचा खर्च द्यायचा, घरटी महिन्याचे शुल्क नागरिकांनी द्यायचे, आणि सुक्या कचऱ्यातला विकाऊ माल वेचकाचा. वेचक बाई एक दिवस आली नाही, तर घरातले लोक तिलाच विचारतात, कारण पैसे तेच देतात. आणि माल तिचा असल्यामुळे वर्गीकरण चोख होण्यातच तिचे हित असते.

सकाळी एखाद्या सोसायटीच्या तळमजल्यावर उभे राहून पाहा. चार मजल्यांवरून उतरवलेल्या बादल्या, शेजारी ढकलगाडी, जमिनीवर अंथरलेले पोते. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा, काच आणि पत्रा वेगळा. हात थांबतो तो उघड्या सॅनिटरी पॅडपाशी. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, एवढीच विनंती या कष्टकरी बायांनी पुणेकरांना केली होती. नागरिकाचा वाटा किती लहान असतो आणि तो चुकला तर किती जणींच्या आरोग्यावर बेततो, हे त्या ठिपक्यावरून कळते.

या कामाचा लाभ शहराच्या हद्दीत थांबत नाही. पुण्याच्या कचऱ्याची दुर्गंधी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसली. विहिरींचे पाणी खराब झाले, आंदोलने करावी लागली. दारावर वेगळा झालेला प्रत्येक किलो कचरा तिथल्या कचऱ्याच्या डोंगरावर पडण्यापासून वाचतो. जिल्ह्याचे जीवनमान सुधारते ते असे.

हीच गोष्ट वस्त्यांतल्या शौचालयांची. 1999 ते 2001 या काळात महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी स्वयंसेवी संस्थांना बरोबर घेऊन सामुदायिक शौचालये बांधून घेतली. त्यासाठी आयुक्त आणि संस्थांच्या दर आठवड्याला बैठका होत. काही ठिकाणी वस्तीतल्या स्त्रियांच्या ‘महिला मिलन’ गटातल्या बाया स्वतः बांधकामात उतरल्या. लहान मुलांसाठी वेगळी सोय आणि राखणदाराची खोली आराखड्यात आली, कारण वापरणाऱ्यांना आधी विचारले गेले होते.

तरीही समाधान मानून बसण्यासारखी स्थिती नाही. ‘स्वच्छ’चा करार संपला की दर वेळी मुदतवाढीची वाट पाहावी लागते आणि ठेकेदारीची चर्चा पुन्हा सुरू होते. कोरोनाच्या टाळेबंदीत ज्या कचरावेचक बाया दारोदार गेल्या, त्यांनी उद्याच्या भाकरीसाठी पुन्हा पुन्हा कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्यात, हे मला अन्याय्य वाटते. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य पालिकांवर टाकले. ती मेहरबानी नव्हे.

म्हणून या परिषदेने तीन ठराव करावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पहिला, सेवेचे करार दीर्घ मुदतीचे असावेत आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण व्हावे. दुसरा, प्रत्येक प्रभागात माल निवडायला छप्पर, पाणी आणि शौचालय असलेली जागा मिळावी. तिसरा, 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. अशा नव्या भागांत आणि जिल्ह्यातल्या नगरपालिकांत यंत्रणा उभारताना, तिथे आधीपासून काम करणाऱ्यांची नोंद आधी व्हावी आणि निविदा नंतर निघावी.

ठराव संमत करून आपण घरी गेलो, तर काहीच होणार नाही. आपल्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्या पालिकेतला करार काढून वाचावा, आणि त्यात काम करणाऱ्याचे नाव, मोबदला आणि मुदत कुठे आहे ते शोधावे. नसेल, तर ते लिहून घेण्यापासून सुरुवात करावी. पुढच्या परिषदेत आपण त्याचाच हिशेब एकमेकांना देऊ.