प्रवरेच्या काठावरून खाडीच्या तळाकडे



सागरी पुरातत्त्व आणि प्राचीन धातुकाम यांवरची परिषद कांजूरमार्गला कशासाठी, असं निमंत्रणं वाटताना अनेकांनी विचारलं. स्टेशनच्या पूर्वेला द्रुतगती महामार्ग ओलांडला की खाजण, मिठागरं आणि पुढे ठाण्याची खाडी. पश्चिमेला कारखान्यांचा पट्टा. पाणी आणि धातू दोन्ही इथल्या माणसाच्या ओळखीचे आहेत. माझं स्वतःचं आयुष्य ओतशाळेत गेलं, म्हणून आधी धातूबद्दल बोलतो.

१९७४ साली प्रवरा नदीच्या काठी दायमाबादला एक भिल्ल शेतकरी झाडाचं मूळ खणत होता. त्याला चार वस्तू सापडल्या. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा असलेला माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चौघांचं मिळून वजन ६० किलोच्या वर, आणि सगळं भरीव ओतकाम! भरीव ओतकाम किती अवघड, हे भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा. पातळ भाग आधी आकसतो, जाड भाग मागाहून, आणि मधेच पोकळी राहते किंवा तडा जातो. रस एका दमात ओतावा लागतो, हात थांबला की सांधा दिसतो. या मूर्तींच्या तांब्यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त निघालं. त्या काळच्या इथल्या इतर वस्तूंत ते तसं मिळत नाही, म्हणून काही विद्वानांनी मूर्तींच्या वयावरच शंका घेतली. तो वाद तुम्ही अभ्यासकांनी सोडवा. ज्याने त्या ओतल्या तो आमच्या धंद्यातला फार मोठा कारागीर होता, एवढं मात्र मी ठामपणे सांगतो.

त्याच प्रवरेवर संगमनेरजवळ जोर्वे आहे. तिथे १९४७ साली तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि पुढे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननामुळे एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं.

दायमाबादच्या मूर्ती सापडल्या त्याच सुमारास तिथल्या उत्खननाचं नेतृत्व केलं डॉ. एस. आर. राव यांनी. लोथलची गोदी उजेडात आणणारे ते हेच. निवृत्तीच्या वयात, जेव्हा माणसं आठवणी लिहायला बसतात, तेव्हा त्यांनी गोव्यातल्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ साली सागरी पुरातत्त्वाचं काम उभं केलं आणि द्वारकेच्या समुद्राकडे मोर्चा वळवला. पुढे त्या संस्थेच्या शोधात बेट द्वारकेला उत्तर हडप्पाकालीन वस्तूंबरोबर तांब्याचा मासेमारीचा गळही मिळाला. प्रवरेकाठचं तांबं आणि समुद्राकाठचं तांबं, दोन्हींचा शोध ज्याच्या कामाशी जोडलेला आहे असा हा माणूस. आजच्या परिषदेचा विषय त्यांनी आपल्या आयुष्यानेच आखून दिला, असं मी मानतो.

जगात सागरी पुरातत्त्वाची पायाभरणी धातूनेच केली. १९६० साली तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर केप गेलिडोनिया इथे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांनी सुमारे २७ मीटर खोल पाण्यात एका बुडालेल्या जहाजाचं उत्खनन केलं. जहाज सुमारे ३२०० वर्षांपूर्वीचं. त्यात तांब्याच्या लाद्या होत्या आणि काशाची मोडकी हत्यारं, पुन्हा वितळवण्यासाठी गोळा केलेली. आमच्या धंद्यातली भंगाराची किंमत इतकी जुनी आहे! आणि त्या जहाजाचा पत्ता दिला तो स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांनी.

मला नेमकं हेच सांगायचं आहे. दायमाबादला शेतकरी, गेलिडोनियाला पाणबुडे. जुन्या वस्तूला पहिला हात कष्टकऱ्याचाच लागतो. मुंबईतही तेच घडलं. एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस डॉक खणताना गाळाखाली झाडांचं अख्खं जंगल सापडलं, कित्येक बुंधे जागच्या जागी उभे. म्हणजे आज जिथे पाणी आहे तिथे कधीकाळी जमीन होती. ते खणणाऱ्यांनी पाहिलं, म्हणून आपल्याला कळलं.

आज आमच्या खाडीकाठी भराव पडतो, पायलिंग होतं, गाळ उपसला जातो. यंत्राच्या बादलीतून काय वर येतं, ते चालकाला दिसतं. जाळ्यात काय अडकतं, ते कोळी बांधवांना दिसतं. त्यांना कोणी काही शिकवलंय का? खाऱ्या पाण्यातून काढलेलं तांबं वर आणून वाळवलं की आत मुरलेलं मीठ हवेतल्या ओलाव्याबरोबर त्याला खात सुटतं, हिरवी भुकटी झडते आणि वस्तू जाते. म्हणून ती घासायची नाही, वाळवायची नाही. पाण्यातच ठेवायची, कुठे मिळाली ती जागा लक्षात ठेवायची, आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं. एवढं साध्या मराठीत एका पानावर छापून प्रत्येक बंदरावर आणि प्रत्येक बांधकामावर लावता येईल. ते पान या परिषदेने लिहावं, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. छपाईचा खर्च आमची स्वागत समिती उचलेल.

उद्या दुपारच्या सत्रात खाडीत आयुष्य काढलेले कोळी बांधव बोलणार आहेत. भरती-ओहोटीच्या धारा, गाळाची जात, जाळं कुठे अडकतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. अभ्यासकांनी त्या सत्राला थांबावं आणि त्यांना भरपूर प्रश्न विचारावेत, ही विनंती करतो आणि कांजूरकरांच्या वतीने आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो.