मोठ्याने विचार करा

माझी भाची पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. तिथं ती नेमकं काय करते, हे आमच्या घरात बरीच वर्षं कुणालाच सांगता येत नव्हतं. ती प्रोग्रॅम लिहीत नाही, हिशेबही ठेवत नाही. मोबाइलवर लोकांसाठी जी नवी सोय केली जाते ती लोकांना वापरता येते का, कुठं अडखळतात, का अडखळतात, हे ती शोधून काढते. 'म्हणजे गिऱ्हाइकाला विचारून घेतेस,' असं तिची आई एकदा म्हणाली. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला आपा म्हणतो. आपाची व्याख्या काही चुकीची नव्हती.

फक्त हल्ली हे गिऱ्हाईक समोर बसलेलं नसतं. त्यासाठी इंटरनेटवर खास बाजार आहेत. कंपनी आपलं ॲप तिथं नेऊन ठेवते, कशी माणसं हवीत ते सांगते आणि काय करून पाहायचं त्याची यादी देते. नाव नोंदवलेली माणसं आपापल्या घरी बसून ती कामं करतात. पडद्यावर बोट कुठं गेलं आणि तोंडातून काय निघालं, दोन्ही रेकॉर्ड होतं. त्याबद्दल त्यांना थोडे पैसे मिळतात.

पूर्वी यासाठी माणसं बोलावून आणावी लागत. वेगळी खोली, काचेपलीकडून पाहणारे साहेब, चहापाणी, येण्याजाण्याचं भाडं. दहा माणसांसाठी तीन आठवडे जायचे, असं भाची सांगते. अमेरिकेत २००७ साली 'युजरटेस्टिंग' नावाची कंपनी निघाली, त्याच वर्षी बार्सिलोनात 'युजरझूम' निघाली आणि हे काम घरबसल्या होऊ लागलं. २०२३ मध्ये या दोन्ही कंपन्या एकत्रही आल्या. आता अशा कितीतरी आहेत. संध्याकाळी पुण्यातून प्रश्न टाकावेत आणि सकाळी नागपूर, नाशिक, बंगळुरूची माणसं बोलताना ऐकावीत, इतकं ते सोपं झालंय.

मला याची गंमत वाटली. मी कवी माणूस. आपलं बोलणं कुणी पैसे देऊन ऐकणार, हा अनुभव आमच्या जमातीला विरळाच. मी अशाच एका ठिकाणी नाव नोंदवलं. फॉर्ममध्ये वय, शिक्षण, गाव आणि मातृभाषा. मातृभाषा एकच निवडायची होती. आमच्या घरात दखनी बोलतात, मी शिकलो मराठीत आणि कविता लिहितो मराठीत. यादीत दखनी नव्हती. मी मराठीवर बोट ठेवलं. त्या क्षणापासून मी तिथं 'पन्नाशीपुढचा, पदवीधर, शहरी, मराठी' असा एक माणूस झालो. माझ्यासारख्या किती जणांच्या वतीनं बोलायचं आहे, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

पहिल्या तीन वेळा मला नाकारलं. आधी चाळणीचे प्रश्न असतात. 'गेल्या सहा महिन्यांत घरबसल्या औषधं मागवली का?' मी खरं सांगितलं, नाही. बाहेर! शेजारचा एक मुलगा हे काम नेमानं करतो, आठवड्याला आठ-दहा चाचण्या. तो म्हणाला, "काका, खरं कशाला सांगताय? 'हो' म्हणा आणि आत शिरा." कोणत्या उत्तरानं दार उघडतं, हे त्याला पाठ आहे. कुठलंही ॲप तो झरझर वापरतो, आणि सगळंच सोपं वाटलं तर पुन्हा बोलावणार नाहीत म्हणून मधे थोडं अडखळूनही दाखवतो. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या कॉलेजच्या फीला तेवढाच हातभार लागतो. पण त्याचं अडखळणं पाहून कुणीतरी ॲपचं बटण बदलत असेल, हे मनातून जात नाही.

चौथ्या वेळी मी खऱ्या उत्तरांनिशीच आत गेलो. प्रवासाचं तिकीट काढायचं होतं. पडद्यावर सूचना आली, 'मोठ्याने विचार करा.' ही युक्ती जुनी आहे. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन या दोघांनी १९८०च्या सुमारास तिची शास्त्रीय मांडणी केली. सायमन म्हणजे १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. माणूस काम करता करता मनात येईल ते बोलत गेला, तर त्याचं डोकं कसं चालतं याचा माग लागतो, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला सोपं वाटतं. मी तीस वर्षं शब्दांत वावरतोय, पण मला ते जमेना. मी विचार करायचं सोडून भाषण करू लागलो. पाचेक मिनिटांनी कॅमेऱ्याचा विसर पडला आणि तोंडातून निघालं, "हे बटण इथं कुणाच्या बापानं ठेवलंय?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "कुणाशी भांडताय?"

तेही रेकॉर्ड झालं. टेबलावरची माझी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टीही झाली. हे चित्रीकरण कोण पाहणार, किती वर्षं ठेवणार? सगळं अटींमध्ये लिहिलेलं असणार. मी त्या न वाचताच 'मान्य' केल्या होत्या. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती घेताना माणसाची स्पष्ट संमती हवी, असं तो म्हणतो. माझी होती, असं धरू. बायकोची कुणी घेतली?

पण त्या बटणावरचा माझा राग शंभर टक्के खरा होता. समोर कुणी असतं, तर मी म्हणालो असतो, 'ठीक आहे, सवयीनं जमेल.' आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. कविसंमेलनात समोरचा 'वा, वा' म्हणतो तेव्हा कविता आवडली की चहाची वेळ झाली, ते कळत नाही. एकट्या खोलीत, यंत्रापुढे माणूस खरं बोलून जातो. या पद्धतीचा हा गुण मी स्वस्ताईपेक्षा वर ठेवीन.

आता आपाची हकिकत सांगतो. तिची परवानगी घेतली आहे.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या कंपनीनं सोलापुरातल्या एका रुग्णालयासाठी नंबर लावायचं ॲप केलं. भाचीनं ते अशाच बाजारात तपासायला दिलं. एका रात्रीत बारा माणसं. बाराही जणांनी काही मिनिटांत नंबर लावला. एकाला चित्र मोठं वाटलं, दुसऱ्याला रंग भडक वाटला. भाचीच्या लोकांनी रंग सौम्य केला. ॲप सुरू झालं आणि रुग्णालयानं केसपेपरची खिडकी बंद केली.

आपा बार्शीला राहते. तेव्हा वय अडुसष्ट. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळच्या एसटीनं ती सोलापूरला आली, तर खिडकीवर कागद चिकटवलेला, 'नोंदणी मोबाइलवरूनच करावी.' दारावरच्या वॉचमननं बिचाऱ्यानं मदत केली. पण आपाच्या कागदपत्रांवर नंबर मुलाचा आणि मुलगा ट्रक घेऊन हुबळीच्या वाटेवर. ओटीपी त्याला जायचा. त्यानं गाडी बाजूला घेऊन फोनवर आकडे सांगेपर्यंत मुदत संपायची. दुपारी आपा माझ्या घरी आली, जेवली. म्हणाली, "गर्दी होती. पुन्हा बघू." दुसऱ्या खेपेलाही तेच. माणसाला यंत्र जमलं नाही की तो यंत्राला दोष देत नाही. त्याला आपलीच लाज वाटते. तिसरी खेप झालीच नाही. घरातली पायरी दिसली नाही म्हणून आपा पडली आणि तिचं मनगट मोडलं. तेव्हा कुठं सगळं बाहेर आलं.

मी भाचीला फोन केला आणि रुग्णालयाचं नाव सांगितलं. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मामू, अम्मीला माझंच ॲप चाललं नाही?"

शनिवारी ती आली. प्लास्टरमधला हात उशीवर घेऊन आपा बसली होती. भाचीनं तिच्या दुसऱ्या हातात मोबाइल दिला आणि शेजारी बसून नुसती पाहत राहिली. तिचं कामच ते. आपा पडदा डोळ्यांजवळ नेई, लांब धरी, कुठंतरी बोट टेकवी. पाच मिनिटांत काहीही झालं नाही. शेवटी म्हणाली, "छान केलंयस बाळा. रंग छान आहे." भाची उठून बाहेर गेली. मग आपा मला हळूच म्हणाली, "त्यात लिहिलेलं मला काही दिसतच नाही रे. सगळं धुकं. आणि स्लॉट म्हणजे काय?"

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं होती. आधीचा भडक रंग काढून हा सौम्य रंग आणलेला होता. त्या बारा जणांचे डोळे धडधाकट होते. ॲप मात्र डोळे दाखवायला येणाऱ्यांनाही वापरायचं होतं.

इंटरनेटच्या कितीतरी आधी, १९३६ साली, अमेरिकेत असंच मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीचा कौल घेण्यासाठी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी आल्फ लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या त्या दिवसांत ज्याच्याकडे टेलिफोन नव्हता, मोटार नव्हती, त्याला बहुतेक कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय परत पाठवण्याची तसदी घेणारे वेगळे आणि न घेणारे वेगळे. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

बरं, हल्लीच्या या बाजारात आज जी माणसं असतात, तीच उद्या असतील असंही नाही. २०२१च्या जुलैत अमेरिकेतल्या एका तरुण मुलीनं 'प्रोलिफिक' या संशोधनाच्या व्यासपीठावर पैसे मिळतात, अशी छोटी चित्रफीत टिकटॉकवर टाकली. ती लाखो लोकांनी पाहिली. बघता बघता तिथं तरुण मुलींचा लोंढा आला आणि संशोधकांचे नमुने एका बाजूला कलंडले. स्त्री-पुरुषांचा समतोल राखायची सोय कंपनीनं त्यानंतर केली.

भाचीनं हे सगळं साहेबांपुढे मांडलं. साहेब म्हणाले, "बारा जणांना जमलं, एकीला जमलं नाही. एकीवरून निष्कर्ष काढायचा?" प्रश्न अगदीच वावगा नव्हता. या धंद्यात याकोब नीलसन यांचं नाव मोठं आहे. पाच माणसांकडून तपासून घेतलं तरी सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, असं त्यांनी २००० साली लिहिलं आणि ते वाक्य सगळ्यांना पाठ झालं. वापरणाऱ्यांचे गट एकमेकांपासून फार वेगळे असतील तर प्रत्येक गटातली माणसं घ्या, हेही त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. ते पाठ करायचं राहिलं. भाचीनं साहेबांना तेवढंच दाखवलं. म्हणाली, "त्या बारांत डोळ्याचा पेशंट एकही नव्हता. मला तीन दिवस द्या."

ते तीन दिवस ती रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून होती. कुणाच्या फोनमध्ये जागा नाही, कुणाचा नंबर सुनेचा, कुणाला वाचता येत नाही. आता अक्षरं काळी आणि मोठी झाली आहेत. 'स्लॉट'च्या जागी 'वेळ' आला. ओटीपीची मुदत वाढली. सकाळी दोन तास खिडकी पुन्हा उघडू लागली, आणि आपाचा एक डोळा झाला. दुसऱ्यासाठी नंबर लावताना मात्र पुन्हा मुलाच्या फोनचीच वाट पाहावी लागली. ती गाठ अजून सुटलेली नाही.

मी रागाच्या भरात भाचीला म्हणालो होतो, "बंद कर तो बाजार." ती म्हणाली, "मामू, तो बंद केला तर कंपनी व्हरांड्यात माणसं पाठवणार नाही. कुणालाच विचारणार नाही. निदान स्वस्त आहे म्हणून बारा जणांना तरी विचारतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. बटणाचं नाव काय ठेवावं, चित्र कोणतं घ्यावं, असल्या गोष्टी ती अजून तिथंच तपासते. अहवालाच्या पहिल्या पानावर मात्र आता ती लिहिते, की यात कोण कोण नव्हतं. साहेबांना ते पान आवडत नाही.

त्या बारा जणांना पैसे मिळाले होते, हे आपाला पुढे कळलं. ती म्हणाली, "मग माझे कुठायत? हात तर माझा मोडला." भाचीनं कंपनीतून तिच्यासाठी मानधन मंजूर करून घेतलं. ते कूपनच्या रूपात, ईमेलवर येतं. आपाला ईमेल नाही, म्हणून माझा दिला. कूपन आलं. ते उघडायला आपाच्या नावानं नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो नंबर मुलाचा आहे आणि मुलगा सध्या गाडी घेऊन गुजरातेत आहे.